आबांची 1210: दुरुस्त करू की सोडून देऊ?

कापूसवाला (अमळनेर)

रामराम मंडळी.

दोन वर्षं टाळत आलोय तो प्रश्न आज मांडतो. आमच्या मळ्यात चिंचेखाली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, टाटा 1210 मालट्रक उभी आहे. 1991 ची, एमएच-19 पासिंग. आबांनी कर्ज काढून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा इंजिनसकट, घेतली आणि धुळ्याला माल भरायचा हौदा बांधून घेतला. तेवीस वर्षं तिच्यावर घर चाललं. हंगामात जिनिंगला कापूस, बाकी वर्षभर रेल्वेच्या मालधक्क्यावरून खत, अधूनमधून साक्रीकडचा कांदा घेऊन इंदूर. 2014 ला आबांचे गुडघे धरले, क्लच दाबवेना, म्हणून गाडी उभी केली. ती उभीच राहिली. आबा जाऊन चार वर्षं झाली.

आजची स्थिती अशी. केबिनच्या फरशीला ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं भोक पडलंय की खालचं गवत दिसतं. दोन्ही दारं खालून खाल्लेली. बोनेटचा रंग उडून पत्रा तांबडा झालाय. हौद्याच्या फळ्या बाभळीच्या, त्यातल्या निम्म्या कुजल्या. सहाही टायर जमिनीला टेकलेत. इंजिन फिरतं की नाही ते माहीत नाही, कारण अकरा वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

मिस्तरीनं येऊन पाहिलं. केबिन, हौदा, टायर, ब्रेक, वायरिंग, इंजिनचं काम धरून पाच-सव्वापाच लाख म्हणाला. भंगारवाला किलोला 27 रुपये देतो, उद्या गॅसकटर घेऊन येतो म्हणतो. धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाक, त्यात भर घालून पिकअप घेऊ. मला अजून धड हो म्हणवत नाही. मी याच केबिनमध्ये गिअरच्या बाजूच्या पेटीवर बसून शाळेत गेलोय.

ज्यांनी जुन्या गाड्या परत उभ्या केल्यात किंवा सोडून दिल्यात, त्यांनी मोकळेपणानं सांगा. भावनेचं मी माझं बघेन, मला गाडीचं खरं काय ते कळायला हवं.

---

हातोडीपाना

भाऊ, तीस वर्षं गॅरेजमध्ये आहे, म्हणून आधी एक सांगतो. तुझ्या मिस्तरीनं जे जे मोजलं ते सगळं दुरुस्त होतं. केबिनची फरशी होते, दार होतं, इंजिन होतं. 1210 रस्त्यावर इतकी होती की तिचे पार्ट अजून मिळतात. ट्रक जगणार की जाणार हे फक्त चेसिस सांगते, आणि तुझ्या अख्ख्या लिखाणात चेसिसचा शब्द नाही.

आपल्याकडे हवा कोरडी. कोकणातली गाडी अकरा वर्षं उभी असती तर मी विचारलंही नसतं. खानदेशात उन्हानं रंग उडतो आणि पत्रा लालभडक दिसतो, पण तो वरवरचा गंज. वायरब्रश मारला की खाली लोखंड लागतं. बोनेटला बघून घाबरू नकोस. खरा गंज ओल अडकते तिथे बसतो. चेसिसवर हौदा ठेवताना मध्ये लाकडाची पट्टी घालतात, ती पाणी पिऊन बसते. कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या पाट्यांच्या स्प्रिंगच्या, मागच्या हँगरजवळ चिखल साचतो. बॅटरीच्या पेटीखाली तेजाब ठिबकतं. चेसिसला जिथे दोन पट्ट्या एकावर एक रिवेट केल्यात तिथे मधल्या फटीत गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून फुगून दोन्ही पट्ट्या फाकवतो, रिवेट तोडतो.

तर असं कर. मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या हौद्याच्या फळ्या उचल. लाकडी पट्टी दिसेल, ती तिथे तरी काढ. मग छोटा हातोडा घे आणि पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत चेसिसवर वीत-वीतभर अंतरानं मारत जा. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, आवाज लांबवर जातो. गेलेलं लोखंड थप वाजतं, मडक्यावर मारल्यासारखं. थप आलं तिथे खडूची खूण कर. नंतर टोकदार पेचकस घेऊन खुणेवर जोर लाव. दोन्ही बाजू कर, घाई करू नको, आणि गाडीखाली जाण्याआधी लाकडाचे ठोकळे लाव. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही.

आणि एक विचारतो, खत किती वर्षं वाहिलं?

---

कापूसवाला (अमळनेर)

काका, खत जवळजवळ सगळी वर्षं. युरिया, डीएपी, पोटॅश. हमालांच्या हुकानं गोणी फाटायची, हौदा झाडताना पांढरे-लाल दाणे फटींत जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आबा खेप झाली की पाणी मारून धुवायचे.

---

हातोडीपाना

मग हातोडा नीटच मार. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊ. हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंडाला सोडत नाही. धुताना वरचं गेलं असेल, पण त्याच पाण्याबरोबर फटीतलं खाली लाकडी पट्टीत उतरलं. आबांनी काळजीनंच धुतलं, यात त्यांचा दोष नाही. तेव्हा सगळे तसंच धुवायचे.

---

मालधक्का

मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे. हिशोबाचं बोलतो, रागावू नका.

चेसिस चांगली निघाली असं धरून चला आणि सव्वापाच लाख घातले. आता ही गाडी करणार काय? नॅशनल परमिट मिळणार नाही, कारण दोन अ‍ॅक्सलच्या मालगाडीला ते 12 वर्षांपर्यंतच मिळतं. म्हणजे बिजासन घाट चढून इंदूरला जाणं संपलं. राहिलं महाराष्ट्रातलं भाडं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मध्यम मालगाडीची (बारा टनांपर्यंतच्या) फिटनेस फी 10,000 केली आणि त्यानंतर ती आणखी वाढवलीय. पैसे भरण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर आजचा आकडा बघा. थर्ड पार्टी विमा साडेसात ते बारा टनांच्या मालगाडीला 2022 च्या दरानंच 27 हजारांच्या वर आहे. शिवाय राज्याचा टॅक्स आणि पर्यावरण कर.

1210 चा अर्थच बारा टन एकूण वजन आणि शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर. हौद्यासकट गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर कायद्यानं सात टन माल. आज त्याच ड्रायव्हरच्या पगारात दुप्पट माल नेणाऱ्या गाड्या उभ्या आहेत. व्यापारी तुम्हाला भाडं का देईल?

माझ्या स्वतःच्या वडिलांची गाडी मी दुरुस्त केली होती. अडीच वर्षं चालवली. आठवड्यातले तीन दिवस ती भाड्याची वाट बघत उभी राहायची आणि मी तिच्याजवळ उभा. शेवटी विकली तेव्हा घातलेल्या पैशातले निम्मेही परत आले नाहीत. धंद्यासाठी करत असाल तर करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

---

तापीथडी

धंद्यासाठीच करायला पाहिजे का पण? शेतात राहू द्या की. जुने ड्रायव्हर हिला बेंझच म्हणायचे. टाटा आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझचा करार 1954 चा, तो 1969 ला संपला, गाडीवरचा तारा गेला, तरी आमच्या गावात नव्वद सालापर्यंत नवी टाटा आली की लोक 'बेंझ आली' म्हणायचे. अशा गाड्या आता बघायलाही मिळत नाहीत. रंग मारून दारात उभी करा. व्हिंटेजमध्ये नोंद होत असेल तर बघा.

---

जुनाआरसी

व्हिंटेजचं आधीच मिटवून टाकतो. 2021 च्या नियमात ती नोंद 50 वर्षांवरच्या, धंद्यात नसलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. ही 1991 ची आणि मालवाहू. दोन्हीकडून बसत नाही.

कागदांचं सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

---

माहेरवाशीण (पारोळा)

दादा, मी इथे फारसं लिहीत नाही. तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप आली नाही.

तुम्ही तुमचं लिहिलंत, भावाचं लिहिलंत, मिस्तरीचं आणि भंगारवाल्याचं लिहिलंत. तुमची आई आहे का? बहीण आहे का? त्यांना काय वाटतं ते एका ओळीतही नाही.

माझ्या वडिलांची गाडी लहान होती, पण तीच आमची ओळख होती. गावात मला 'गाडीवाल्याची पोर' म्हणायचे. ते गेल्यावर सहा महिन्यांत भावांनी ती विकली. मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा वाड्यात फक्त तेलाचा डाग होता. मी काही बोलले नाही. पैशाचा वाटा मला नकोच होता. फक्त कोणी फोन करून 'ताई, गाडी देतोय' एवढं सांगितलं असतं तर मी येऊन एकदा तिच्यात बसले असते.

तुम्ही ठेवा किंवा द्या. त्याआधी विचारा.

---

कापूसवाला (अमळनेर)

ताई, आई आहे. बहीण आहे, शिरपूरला दिली. तुमचं खरं आहे, मी दोघींनाही विचारलेलं नाही. आईला त्रास होईल म्हणून तिच्यासमोर विषयच काढत नव्हतो. आज रात्री बहिणीला फोन करतो. रविवारी तिला बोलावतो, तेव्हाच फळ्या काढू.

---

जुनाआरसी

ताईंनी मनाचं सांगितलं, मी त्यालाच कायद्याची बाजू जोडतो. मृत्युपत्र नसेल तर गाडीवर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण सगळ्यांचा हक्क आहे. गाडी आजही आरसीवर आबांच्या नावावर असणार. मालक वारला की 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना 31 भरायचा असा नियम आहे. तुम्हाला चार वर्षं झालीत, म्हणजे उशिराचा दंड लागेल, पण काम होतं. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. बहिणीला विचारण्यावाचून कागदही पुढे सरकणार नाही.

दुसरं, आबांनी कर्ज काढलं होतं म्हणता. आरसी बुक उघडून बघा, फायनान्सचा बोजा उतरवलाय का? पुष्कळ जुन्या मालकांनी हप्ते फेडले आणि तेवढ्यावर सोडून दिलं. बोजा असेल तर नमुना 35 आणि फायनान्सवाल्याचं पत्र लागतं. तो असेपर्यंत गाडी विकताही येत नाही आणि कायदेशीर मोडीतही देता येत नाही.

तिसरं, टॅक्स. गाडी वापरात नाही असं आबांनी आगाऊ लेखी कळवलं होतं का? कळवलं असेल तर त्या काळाचा टॅक्स वाचतो. नसेल तर थकबाकी व्याजासकट दिसेल. जुन्या फायलींत पोच शोधा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. भंगारवाल्याला गॅसकटर लावू देऊ नका. गाडी तुकडे होऊन जाईल पण आरटीओत जिवंत राहील. टॅक्स चढत राहील. चेसिस नंबर कुठे दुसऱ्या गाडीवर ठोकला गेला आणि ती गाडी कुठे अपघातात सापडली, तर पोलीस आबांच्या पत्त्यावर येणार. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

2021 च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं निघालीत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ आणि टॅक्समध्ये सवलत. केंद्राच्या नियमात मालवाहू गाडीला ती 15 टक्क्यांपर्यंत, आठ वर्षं आहे. आपल्या राज्याचा आजचा दर आरटीओत विचारा. धाकट्याला पिकअप घ्यायचाच असेल तर हे पैसे भंगारवाला देणार नाही.

---

पांझराकाठ (धुळे)

सगळे मोडीतच घालायला निघालेत म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्या टाटा 407 ची (छोट्या मालगाडीची) चेसिस मागून गेली होती. आम्ही दोन्ही बाजूंनी आतून जाड पट्टी मारून वेल्डिंग केलं. सहा वर्षं झाली, गाडी चारा आणि शेणखत वाहते, काही झालेलं नाही. इतकं घाबरण्यासारखं नसतं.

---

हातोडीपाना

पांझराकाठ भाऊ, तुमची गाडी मळ्यातल्या मळ्यात फिरते, वेग बैलगाडीचा, म्हणून टिकली. तिच्यावर माल भरून लळिंगच्या उतारावर सोडाल का? मी सोडू देणार नाही.

चेसिसची पट्टी आडव्या पन्हळीसारखी असते, एक उभा भाग आणि वर-खाली दोन कडा. माल भरला की दोन चाकांच्या मधल्या भागात खालची कडा ताणली जाते. मागच्या चाकांच्या मागे जो भाग टांगता असतो तिथे उलटं, वरची कडा ताणली जाते. ताणात असलेल्या कडेवर आडवं वेल्डिंग केलं की त्या टाक्याच्या बाजूचं लोखंड कडक पडतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. रंगाखाली तो दिसत नाही. दिसतो तेव्हा गाडी रस्त्यावर वाकलेली असते. उभ्या भागावर, कडा सोडून, रिवेट किंवा बोल्टनं पट्टी लावणं ही दुरुस्ती आहे. पण त्यालाही आजूबाजूचं लोखंड चांगलं लागतं. कुजलेल्या कापडाला ठिगळ लावलं तर सुई कुठे धरणार?

---

कापूसवाला (अमळनेर)

रविवारचं लिहितो. जरा लांबेल.

बहीण शनिवारी रात्रीच आली. सकाळी आम्ही तिघं आणि शेजारचा एक वेल्डर मुलगा असे लागलो. फळ्या निघता निघेनात, बोल्ट गंजून एकजीव झालेले. शेवटी करवतीनं कापले. मागच्या चाकांवरची लाकडी पट्टी उचलली तेव्हा ती हातात भिजलेल्या भुशासारखी आली. मे महिना, 44-45 अंश, दोन महिन्यांत पाण्याचा थेंब नाही, तरी ती ओली होती. बहिणीनं बोटाला लावून जिभेवर ठेवलं. खारट.

पट्टीखाली चेसिसची वरची कडा होती. हात फिरवला तर पापुद्रे सुटायला लागले, खापरावरचे मांडे कसे पदरापदरानं सुटतात तसे. एकावर एक, काळे-तपकिरी, आणि प्रत्येक पदराखाली दुसरा. वायरब्रश मारत गेलो, लोखंड लागेचना. जिथे लागलं तिथे व्हर्नियर लावला. पुढे केबिनखाली 6 मिलीमीटर भरलं, इथे 3 सुद्धा नाही.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे हातोडा. पुढून सुरू केलं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. केबिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगपर्यंत एकसारखा आवाज. मला वाटलं सुटलो. कमानीच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी आवाज जरा बसला. मागच्या हँगरपाशी थप. त्याच्यामागे सगळंच थप. उजव्या बाजूला पेचकस अंगठ्याच्या जोरानं आरपार गेला. डाव्या बाजूला हँगरच्या वरच्या दोन रिवेटची डोकी हातोड्यानं खाली पडली. मी ती खिशात ठेवली.

इंजिनचंही सांगतो. वेल्डर मुलानं गुरुवारीच नोझल काढून सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईलचं मिश्रण सोडून ठेवलं होतं. रविवारी दुपारी फ्लायव्हीलला पहार लावून जोर दिला. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा वीतभर फिरलं, मग पूर्ण फेरा. नोझलच्या भोकांतून फुस्स फुस्स आवाज आला आणि आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. इंजिन चांगलं आहे. अकरा वर्षांनी चांगलं आहे.

काका, आता तुम्हीच सांगा.

---

हातोडीपाना

तुला माहीत आहे मी काय सांगणार.

हँगर म्हणजे मागच्या कमानीचं टोक चेसिसला जिथे धरतं ती जागा. मालाचा मोठा वाटा तिथून चेसिसवर येतो. ती जागा, त्यामागचा सगळा भाग आणि दोन्ही बाजू गेल्या. बदलायचं तर दोन्ही लांब पट्ट्या बदलायच्या, म्हणजे हौदा, केबिन, इंजिन, हौसिंग (मागचा अ‍ॅक्सल) सगळं उतरवून पुन्हा बांधायचं. चेसिस नंबर पट्टीवरच ठोकलेला असतो, म्हणून आरटीओची परवानगी वेगळी. तुझा सव्वापाच लाखांचा आकडा याच्या आधीचा आहे.

इंजिन चांगलं निघालं याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतंय. आबांनी तेलपाणी वेळेवर केलं म्हणूनच ते अकरा वर्षांनी फिरलं. त्याच माणसानं ती धुतली म्हणून मागचा भाग गेला.

सोड, बाळा. रस्त्यावर आणू नको.

---

पांझराकाठ (धुळे)

पेचकस आरपार गेला म्हणजे माझा सल्ला मी मागे घेतो. माझ्या गाडीचं इतकं नव्हतं. उद्या मीही माझ्या 407 वर हातोडा मारून बघतो.

---

तापीथडी

इंजिन तरी काढून ठेवा ना. विहिरीवर पंपाला लावता येईल.

---

जुनाआरसी

इंजिन काढून उरलेली गाडी केंद्रावर नेऊ नका. आरसीवर इंजिन नंबर आहे, तो विचारतील. आणि सहा सिलिंडरचं इंजिन विहिरीवर डिझेल पिऊन पिऊन घर खाईल.

---

माहेरवाशीण (पारोळा)

दादा, आईंना विचारलंत का?

---

कापूसवाला (अमळनेर)

विचारलं, ताई. त्याच रविवारी, संध्याकाळी.

आई दिवसभर ओट्यावर बसून आमचं चाललेलं बघत होती. मी जवळ जाऊन सांगितलं की मागून गेली आहे, दुरुस्त होण्यासारखी नाही. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, 'जवय गाडी घाटमा राहे, तवय माले झोप ये नही.' मग म्हणाली की तेवीस वर्षं तिनं रात्री दाराची कडी लावली नाही. इंदूरची खेप असली की दोन वाजता उठून रस्त्याकडे कान लावायची. गाडी वळणावर आली की आबा दोनदा हॉर्न वाजवायचे, ते तिच्यासाठी. हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं सवय आहे.

गाडी उभी राहिली त्या वर्षापासून तिला नीट झोप लागायला लागली, असं ती म्हणाली. 'तिनी आमले खावाडं, तिले नीट पोहचाडा.' एवढंच तिचं म्हणणं.

बहीण केबिनमध्ये बसली, फरशीचं भोक होतं तिथे पाट टाकून. बराच वेळ बसली. उतरली तेव्हा तिच्या हातात सन व्हायझरमागची मालधक्क्याची भरणीची चिठ्ठी होती, आबांच्या अक्षरात. पन्नास किलोच्या 140 गोण्या. ती तिनं नेली.

भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. आरसी काढली, फायनान्सचा बोजा खरंच तसाच होता. जुनाआरसी, तुमच्या एका ओळीनं मोठं संकट वाचवलं.

---

कापूसवाला (अमळनेर)

साडेतीन महिन्यांनी पुढचं लिहितोय.

बोजा उतरवायला सर्वात जास्त वेळ गेला. फायनान्सचं जुनं ऑफिस बंद, त्यांचे कागद दुसरीकडे गेलेले. आबांनी शेवटच्या हप्त्याची पावती आरसीच्या प्लास्टिकमध्येच घडी करून ठेवली होती, तिच्यावर काम झालं. वारसाची नोंद आईच्या नावानं केली, आम्ही तिन्ही भावंडांनी ना-हरकत दिली. टॅक्सची थकबाकी भरली. आबांनी पहिली दोन वर्षं गाडी वापरात नसल्याचं कळवलं होतं, त्याची पोच सापडली, तेवढी वाचली.

केंद्रानं भंगारवाल्यापेक्षा किलोला दोन रुपये कमी दिले, ट्रेलरही आम्हालाच करावा लागला. काट्यावर 4,680 किलो भरली. एक लाख सतरा हजार आले. थकबाकी, दंड आणि ट्रेलर वजा जाऊन हातात साठ-पासष्ट राहिले. ठेव प्रमाणपत्र मिळालं, त्यावर धाकटा पिकअप बघतोय. मालधक्का दादा, तुमचा हिशोब आम्ही तिघांनी मिळून वाचला, धन्यवाद.

ट्रेलरवर चढवण्याआधी टायरमध्ये हवा भरून पाहिली. चार टायरांनी धरली. आईनं चाकाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. बहिणीला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं.

आता एक विचारायचं आहे. जागा मोकळी झाली, पण तिथली माती काळी पडलीय. तेल, डिझेल, खताचं खारं पाणी, अकरा वर्षं सगळं तिथेच मुरलं. गवतही कडेकडेनंच येतं. आई तिथे भाजीचे वाफे करायचं म्हणते. चालेल का?

---

सातपुडा (चोपडा)

लगेच नको, भाऊ. वीतभर माती खरवडून काढा, नाल्यात किंवा विहिरीच्या बाजूला टाकू नका. उरलेल्या मातीत भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा, ओलावा ठेवा, महिन्यातून एकदा खालीवर करा. डिझेल मातीतले जीवाणू हळूहळू खातात, त्यांना हवा आणि ओल लागते. एक-दोन पावसाळे जाऊ द्या. तोवर खायचं काही लावू नका, झेंडू लावा हवं तर.

बॅटरी कुठल्या बाजूला होती? तिथली माती वेगळी खणून काढा आणि जरा जास्त खोल जा. तिथे तेजाबाबरोबर शिसं उतरलेलं असतं. ते शेणखतानं जात नाही आणि पालेभाजीतून पोटात येतं.

---

कापूसवाला (अमळनेर)

बॅटरी डाव्या अंगाला होती, घराच्या बाजूला. आईनं नेमकी तिथेच मेथीसाठी दोरी लावून ठेवलीय. आत्ताच जाऊन काढतो.